सरासरी २३२, आणि त्या वजनाचे गर मात्र मूठभर: सत्तरीतल्या एका काजूगटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात बायकांचा एक स्वयंसहाय्य गट आहे. मार्च ते मे या दिवसांत गावातून आणि आजूबाजूच्या वाड्यांतून काजूबी विकत घ्यायची, कडक उन्हात वाळवून पोत्यांत भरून ठेवायची आणि मग वर्षभर लागेल तशी उकडून, फोडून, वाळवून, साल काढून गर विकायचे, असा त्यांचा धंदा. फोडणीच्या यंत्रावर बसणाऱ्या दोघींच्या बोटांची कातडी टरफलातल्या चिकाने कायमची काळवंडलेली आहे. गट चालवणाऱ्या बाईंना इथे काकी म्हणू, कारण त्यांची पुतणी माझ्या वर्गात होती आणि तिच्या तोंडून ऐकून मीही त्यांना काकीच म्हणते. मी कॉलेजात वाणिज्य शाखेला संख्याशास्त्र शिकवते. गट ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

काजूगराची प्रत कशी ठरते ते आधी सांगते, कारण सगळा घोळ तिथेच आहे. अख्ख्या पांढऱ्या गराला बाजारात ‘डब्ल्यू’ लावतात आणि पुढे एक आकडा. एका रत्तलात, म्हणजे ४५३.६ ग्रॅममध्ये, किती गर बसतात त्याचा तो आकडा. आकडा लहान तितका गर मोठा आणि भाव चढा. डब्ल्यू १८० म्हणजे रत्तलाला १७० ते १८० गर, डब्ल्यू २१० म्हणजे २०० ते २१०, डब्ल्यू २४० म्हणजे २२० ते २४०, डब्ल्यू ३२० म्हणजे ३०० ते ३२० आणि डब्ल्यू ४५० म्हणजे ४०० ते ४५०. हे आकडे सावकाश वाचले तर मधल्या फटी दिसतात. रत्तलाला १९० गर भरले तर काय, २५० भरले तर काय, हे या नावांत कुठेच नाही. मला ते बऱ्याच उशिरा दिसलं.

काकींची पद्धत सरळ होती. प्रत्येक डब्यातून काट्यावर ४५४ ग्रॅम काढायचे, बसून मोजायचे, २२० ते २४० आले की डब्यावर ‘२४०’ लिहायचं. त्यात त्या कधी चुकल्या नाहीत. मी त्यांच्यासोबत बसून तीन डबे मोजले, तिन्ही २३० च्या आसपास.

गटाकडे येणारी बी दोन तऱ्हेची. एक गावठी, डोंगरउतारावरच्या जुन्या झाडांची, बारीक. दुसरी कलमांची. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ही कलमं लोकांनी गेल्या काही वर्षांत लावली, आता ती धरायला लागलीत. वेंगुर्ला-७ ची एक बी साधारण १० ग्रॅमची असते, गावठी तिच्या निम्मी. बीच्या वजनात गराचा वाटा पाव ते तीन दशांश, तेव्हा गरांतही तेवढाच फरक पडणार. हे गटातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. कागदावर मात्र कधी आलं नव्हतं, कारण पोती एकत्रच ओतली जायची.

तक्रार

पणजीतल्या एका दुकानदाराने एक दिवस व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. पाव किलोचं पाकीट ताटात ओतलेलं आणि पुढे दोन गर शेजारी शेजारी ठेवलेले, एक दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. खाली एकच ओळ: ‘हे २४० नव्हे.’

काकींना राग आला, आणि तो रास्त होता. “मोजून दिलेत मी. यावं आणि मोजावं त्याने.” दुकानदाराचंही चुकलं नव्हतं. पर्यटक पाकीट हातात घेऊन पारखतो, आणि त्याला वर बारीक-मोठा मिसळलेला माल दिसला की तो शिळा किंवा भेसळीचा वाटतो. पुतणीने वर्गानंतर मला विचारलं, “मॅडम, मोजणी बरोबर असून माल चूक कसा?”

खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मी वर्गात वारंवारता वितरणच (आकड्यांचे वर्ग पाडून कुठल्या वर्गात किती आकडे पडतात ते मांडणं) शिकवत होते, पन्नास काल्पनिक विद्यार्थ्यांचे काल्पनिक गुण घेऊन. ते गुण मी दरवर्षी तेच वापरते. त्या गुणांनी आजवर कुणाचं काही बिघडवलं नाही आणि कुणाचं काही सुधारलंही नाही.

पहिला नमुना, जो टाकून द्यावा लागला

सोनाराकडे असतो तसा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा आणला. पुतणी आणि तिच्या दोन मैत्रिणी काकींच्या पडवीत बसल्या. डबा उघडला, वरून पन्नास गर उचलले, एकेक काट्यावर ठेवून वहीत आकडा उतरवला. सरासरी आली २.३ ग्रॅमच्या वर. त्या हिशेबाने रत्तलाला दोनशेहून कमी गर व्हायला हवे होते, आणि काकींची मोजणी तर २३० सांगत होती.

काकींनीच उत्तर दिलं, हसत हसत. “डबा हलला की मोठे वर येतात. बारीक तळाशी बसतात.” हे अगदी खरं आहे. वेगवेगळ्या आकाराचे दाणे एकत्र हलवले तर बारीक दाणे मोठ्यांमधल्या फटींतून खाली सरकतात आणि मोठे वर राहतात. चिवड्याच्या डब्यातही शेंगदाणे वर आणि चुरा तळाला असतो. नमुना वरून उचलला की मोठ्यांचीच गर्दी येणार.

म्हणून पन्नासही आकडे टाकले. मुलींना ते जिवावर आलं. दीड तासाचं काम होतं, आणि एकीने सुचवलंही की तळातले पन्नास घेऊन दोन्ही मिळवू. मी नको म्हटलं. वरचे मोठे आणि तळचे बारीक मिळवले तर दोन टोकं येतील आणि मधला डबा कसा आहे ते कळणारच नाही. मग जुनी रीत वापरली: डबा सुपात पूर्ण ओतायचा, ढीग करायचा, ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवून बाकीचे परत डब्यात, उरलेल्याचा पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग, चाळीसच्या आसपास गर उरेपर्यंत. पाच डबे, प्रत्येकी ४०, मिळून २००.

दोनशे आकडे आणि एक फसवी सारणी

दोनशे आकड्यांची कच्ची यादी म्हणजे वहीची चार पानं. १.४७, २.३८, १.५२, २.५१, १.३९... ती वाचून कुणालाच काही कळत नाही. लहानात लहान गर १.०४ ग्रॅमचा, मोठ्यात मोठा २.९३ चा, तेव्हा विस्तार १.८९.

मुलींनी पहिली सारणी केली ती अर्ध्या अर्ध्या ग्रॅमच्या वर्गांची, कारण अर्धा हा सोयीचा आकडा. १ ते १.५ ग्रॅम: ४७ गर. १.५ ते २: ५८. २ ते २.५: ६३. २.५ ते ३: ३२. आयतालेख, म्हणजे प्रत्येक वर्गावर त्यातल्या गरांच्या संख्येएवढा उंच आयत, काढला तर एकच टेकडी, थोडी उजवीकडे कललेली. बघणाऱ्याला वाटावं की माल साधारण सारखा आहे, दोनच्या आसपास गोळा झालेला आणि दोन्हीकडे उतरता. दुकानदाराची तक्रार या चित्रात कुठेच नव्हती.

इथे आम्ही थांबण्याच्या बेतात होतो, हे लिहून ठेवणं मला गरजेचं वाटतं. सारणी झाली होती, बेरीज २०० येत होती, आलेख नीट होता. वर्गात मी अशा सारणीला पूर्ण गुण दिले असते.

पण फोटोतले ते दोन गर माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हते. मी मुलींना वर्ग अरुंद करायला सांगितलं. किती अरुंद, हा पुढचा प्रश्न.

वर्ग किती रुंद?

पाठ्यपुस्तकात यासाठी स्टर्जेसचं सूत्र असतं. हर्बर्ट स्टर्जेस यांनी ते १९२६ साली मांडलं: वर्गांची संख्या = १ + ३.३२२ × लॉग (निरीक्षणांची संख्या). २०० चा लॉग २.३०१, म्हणून उत्तर ८.६४, म्हणजे नऊ वर्ग. विस्तार १.८९ ला नवाने भागलं की ०.२१. काट्यावर आणि डोक्यात सोपं जावं म्हणून ०.२ धरलं, सुरुवात १.० पासून, आणि दहा वर्ग झाले.

या सूत्राबद्दल एक गोष्ट वर्गात सहसा सांगितली जात नाही आणि मीही सांगत नसे. ते एका टेकडीच्या, दोन्ही बाजूंनी सारख्या उतरणाऱ्या सामग्रीला मनात धरून बेतलेलं आहे. सामग्री तशी नसेल तर ते कमी वर्ग सुचवू शकतं. आमच्या नशिबाने इथे नऊ-दहा वर्ग पुरले. मुलींनी हौसेने ०.०५ ग्रॅमचे चाळीस वर्गही करून पाहिले. त्या आलेखात करवतीचे दात तेवढे दिसले, कुठे ३, कुठे ९, कुठे ५. एखादा गर इकडचा तिकडे झाला की दात बदलायचा.

दहा वर्गांची सारणी अशी निघाली. सगळी वजनं ग्रॅममध्ये.

| वर्ग | वारंवारता | संचित वारंवारता (पेक्षा कमी) |
|---|---|---|
| १.०–१.२ | ४ | ४ |
| १.२–१.४ | २२ | २६ |
| १.४–१.६ | ४६ | ७२ |
| १.६–१.८ | २४ | ९६ |
| १.८–२.० | ९ | १०५ |
| २.०–२.२ | १३ | ११८ |
| २.२–२.४ | ३१ | १४९ |
| २.४–२.६ | ३४ | १८३ |
| २.६–२.८ | १३ | १९६ |
| २.८–३.० | ४ | २०० |

पहिल्या फेरीत बेरीज २०३ आली होती. दोघी ताळ्याच्या खुणा करत होत्या, एक खालच्या वर्गांच्या आणि एक वरच्या. १.६०, २.२० आणि २.४० असे नेमके सीमेवर बसलेले तीन गर दोन-दोन वर्गांत पडले होते. नियम तोंडपाठ होता: वरच्या मर्यादेवरचं निरीक्षण पुढच्या वर्गात. हातात पेन्सिल आल्यावर तो विसरला गेला. शाळेतली १०–१९, २०–२९ अशी समावेशक वर्गांची सवयही इथे आडवी येते. ती पूर्णांकांना चालते. दोन दशांश स्थळं असलेल्या वजनाला १.०–१.१, १.२–१.३ असे वर्ग केले तर १.१५ चा गर दाराबाहेरच राहील.

आता वारंवारतेचा रकाना वरून खाली वाचा. ४६ पर्यंत चढ, मग २४, मग ९, मग परत ३१, ३४. दोन टेकड्या आणि मधे घळ. वर्गमध्यांवरून मध्य, म्हणजे सरासरी, काढला तर १.९५ ग्रॅम, म्हणजे रत्तलाला २३२ गर. काकींची मोजणी अगदी बरोबर. मध्यक, म्हणजे सगळे गर वजनाच्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं वजन, १.८९. मध्य आणि मध्यक दोन्ही पडले १.८ ते २.० या वर्गात, जिथे दोनशेपैकी फक्त ९ गर होते. डब्यावर ज्या वजनाचं नाव लिहिलं होतं ते वजन डब्यात जवळजवळ नव्हतंच.

पुतणीने आलेख काकींना दाखवला. काकींनी डाव्या टेकडीवर बोट ठेवलं, “हे गावठी,” आणि उजवीवर, “हे कलमी.” दुसरं काही बोलल्या नाहीत.

एक आडवळण: बरण्यांचा आलेख

बाकीच्या बायकांना कागदावरचा आलेख पटेना, म्हणून मुलींनी दहा सारख्या पारदर्शक बरण्या ओळीने मांडल्या आणि एकेका वर्गाचे गर एकेका बरणीत टाकले. दिसायला फार छान. पण उजवीकडच्या बरण्या प्रमाणाबाहेर भरलेल्या दिसायला लागल्या, कारण मोठा गर जागाही जास्त खातो. २.४–२.६ ची ३४ गरांची बरणी १.४–१.६ च्या ४६ गरांच्या बरणीपेक्षा उंच दिसत होती. आयतालेखात उंची गरांची संख्या सांगते आणि बरणीत ती घनफळ सांगत होती. शेवटी पडवीच्या जमिनीवर खडूने सारखे चौकोन आखून एकेका चौकोनात एकेक गर ठेवला. तेव्हा दोन टेकड्या सगळ्यांना दिसल्या, आणि एका नातवाने एक टेकडी थोडीशी खाल्ली.

प्रत आणि वर्ग यांची गल्लत

मधेच एका मुलीने विचारलं की आपले वर्ग कशाला, बाजाराचेच वर्ग वापरू. रत्तलाच्या संख्येचं वजनात रूपांतर केलं: २४० ची प्रत म्हणजे सरासरी १.८९ ते २.०६ ग्रॅमचा गर, ३२० ची १.४२ ते १.५१, २१० ची २.१६ ते २.२७, १८० ची २.५२ ते २.६७. सारणी भरायला घेतली तर निम्म्याहून अधिक गर कुठल्याच खणात पडेनात. २४० च्या खणात पडले फक्त ८.

चांगला अडथळा होता हा. वारंवारता सारणीच्या वर्गांनी दोन गोष्टी पाळायच्या असतात. प्रत्येक निरीक्षणाला घर मिळालं पाहिजे, आणि एकच मिळालं पाहिजे. बाजाराच्या प्रती पहिली अट पाळत नाहीत, कारण त्या एकेका गराचे वर्ग नाहीतच. त्या रत्तलभर गरांच्या सरासरीवर लावलेल्या चिठ्ठ्या आहेत. शिवाय त्यांची रुंदीही सारखी नाही. २४० चा पट्टा ०.१७ ग्रॅमचा आणि ३२० चा ०.०९ चा. असे असमान वर्ग आयतालेखात घ्यायचेच झाले तर उंची वारंवारतेची न ठेवता वारंवारता भागिले वर्गांतर (वर्गाची रुंदी) अशी ठेवावी लागते, नाहीतर रुंद वर्ग उगाच मोठा दिसतो. आम्ही तो नाद सोडला आणि ०.२ च्या वर्गांवर राहिलो.

तपासलेले पर्याय

काही न करणं हा पहिला पर्याय, आणि गटातल्या दोघींचा त्याकडे कल होता. मोजणी बरोबर आहे, दुकानदार नको तर दुसरा बघू. हा फार टिकला नाही.

दुसरा पर्याय फक्त कलमी बी घेण्याचा. यातून प्रश्न मुळातूनच सुटला असता. काकींनी तो एका वाक्यात मोडीत काढला: “जुन्या झाडांवर बसलेल्या म्हाताऱ्यांनी बी कुठे विकायची?” गटाला बी देणाऱ्यांत गावठी झाडंवाले बरेच. गावठी बीला दर कमी द्यावा असंही कुणीतरी म्हणालं. खरेदीचा दर एकच राहील, असं काकींनी सांगितलं. माझ्या मते हा आकडेमोडीचा भाग नव्हताच, आणि मी त्यात तोंड घातलं नाही.

तिसरा, सोललेले गर हाताने निवडायचे. निवडणाऱ्या बायकांची नजर तयार असते, पण हे काम वेळखाऊ, आणि दरवेळी हाताळण्यात काही अख्ख्यांच्या पाकळ्या होतात.

चौथा, उकडण्याआधीच बी चाळायची. बी कडक असते, चाळणीत फुटत नाही, आणि एकसारखी बी एकत्र उकडली की फोडणीही सोपी जाते, कारण यंत्राचं पातं एका मापाला लावता येतं. हा फायदा बायकांनीच दाखवला, मला तो माहीत नव्हता.

चाळणीकडे जाताना एक भीती आड आली. संचित वारंवारतेच्या रकान्यात १.८ ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे ९६ गर, म्हणजे ४८ टक्के. काकी म्हणाल्या, म्हणजे निम्मा माल २४० वरून ३२० वर घसरणार, भाव पडणार, परवडणार नाही. पुतणीने वर्गमध्य आणि वारंवारता यांच्या गुणाकारांचा रकाना पुढे केला. त्या ९६ गरांचं एकूण वजन सुमारे १४३ ग्रॅम, दोनशेंचं ३९०. संख्येने ४८ टक्के असलेला भाग वजनाने ३७ टक्केच होता. मोठ्या टेकडीतले, २ ग्रॅम आणि वरचे, ९५ गर वजनाने ५९ टक्के होते, आणि मधले ९ गर उरलेले चार टक्के. काजू संख्येवर विकत नाहीत, किलोवर विकतात. निर्णय या रकान्यावर फिरला.

केलं काय

पत्र्याचं काम करणाऱ्याकडून मोठ्या भोकांची एक चाळणी करून घेतली. भोकाचं माप ठरवायला गावठी आणि कलमी बीची एकेक पिशवी नेली होती. दोन-तीनदा भोकं वाढवावी लागली. मग पुढची पोती चाळून दोन ढीग केले आणि शेवटपर्यंत वेगळे ठेवले: वेगळं उकडणं, वेगळी वाळवण, वेगळे डबे. सोललेल्या मालातून दोन्हींचे शंभर-शंभर गर, त्याच चार भागांच्या रीतीने, पुन्हा वजन करून पाहिले.

बारीक ढिगात १.० पासून ०.२ च्या वर्गांत अनुक्रमे ५, २४, ४५, २०, ४ आणि २ गर आले. मध्य १.५० ग्रॅम, रत्तलाला ३०२. सरळ डब्ल्यू ३२० मध्ये. मोठ्या ढिगात १.४ पासून पुढे १, ४, ७, १७, ३०, २९, १०, २. मध्य २.३२, रत्तलाला १९६.

एकेक टेकडी झाली, पण १९६ हा आकडा १८० आणि २०० यांच्या मधल्या फटीत पडला. १८० म्हणून विकला तर खोटं, २१० म्हणून विकला तर गिऱ्हाइकाला सांगितल्यापेक्षा थोडा मोठा गर मिळणार. काकींनी २१० लिहिलं.

निकाल

पणजीच्या दुकानदाराला २१० चं पाकीट आवडलं, भाव कळल्यावर थोडं कमी आवडलं. त्याच्या फळीवर २४० च चालतो, तो हवा असं त्याने सांगितलं. गटाकडे आता २४० राहिलाच नव्हता. पूर्वी होता असं म्हणावं तर डब्यावर होता, आत नव्हता. त्या दुकानाची मागणी निम्म्यावर आली. २१० दुसरीकडे गेला. बारीक ३२० मिठाईवाल्यांकडे आणि जत्रेच्या दिवसांत सालीसकट भाजलेल्या पुड्यांत खपला. एकंदर हिशेबात गटाचं नुकसान झालं नाही, पण पहिला महिना जड गेला आणि तो का जाणार हे मी आधी सांगायला हवं होतं.

माल मिसळल्याची तक्रार त्यानंतर आली नाही. मोठ्या ढिगातल्या शंभरांत २ ग्रॅमखालचे १२ गर अजून येतात. बीच्या आकारावरून गराचं वजन पूर्ण सांगता येत नाही, काही बिया मोठ्या दिसतात आणि आत पोचट असतात.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात मोठी चूक माझी. पाच डब्यांचे ४०-४० गर वजन करताना आकडे एकाच यादीत उतरवले, कुठला आकडा कुठल्या डब्यातला ते लिहिलंच नाही. त्यामुळे दोन टेकड्या दिसल्या तरी प्रत्येक डबाच मिसळलेला आहे, की काही डबे सगळे बारीक आणि काही सगळे मोठे, हे सारणी सांगू शकत नव्हती. दुसरी गोष्ट खरी असती तर चाळणीची गरजच पडली नसती, डब्यांना नीट चिठ्ठ्या लावून भागलं असतं. शेवटी दोन डबे परत उघडून डोळ्यांनीच खात्री केली. एक जादा रकाना आखायला किती वेळ लागतो?

दुसरं, वजनं जूनमध्ये घेतली, पाऊस लागल्यावर. काजूगरात ओलावा पाच टक्क्यांच्या आत हवा असतो, आणि पडवीत उघड्या सुपात पडलेला गर हवेतली ओल ओढतो. सकाळी आणि दुपारी मोजलेल्या गरांत फरक पडला असणार. दोन टेकड्यांमधलं अंतर एक ग्रॅमचं असल्याने निष्कर्ष बदलत नाही, पण ३०२ सारखा काठावरचा आकडा एवढ्याशा फरकाने तीनशेच्या आत-बाहेर होऊ शकतो.

तिसरं वर्गांतराबद्दल. अर्ध्या ग्रॅमची सारणी करून थांबणं चूक होतं हे आता सोपं वाटतं. वर्गात मी आता एकाच सामग्रीच्या तीन सारण्या करायला लावते, रुंद, मधली आणि फार अरुंद, आणि टेकड्यांची संख्या कुठे बदलते ते विचारते. काल्पनिक गुणांची यादी मात्र अजून फेकलेली नाही, परीक्षेला लागते.

काकींचं डोकं सध्या त्या १९६ वर आहे. मोठ्या ढिगातून २.४ ग्रॅमच्या वरचे गर बाजूला काढले तर? शंभराच्या नमुन्यावर करून पाहिलं: असे ४१ गर, रत्तलाला १७७, म्हणजे डब्ल्यू १८०, गटाला आजवर न मिळालेला भाव. उरलेल्या ५९ गरांचा मध्य २.१४, रत्तलाला २१२. २१० ला दोनाने चुकला. म्हणजे तो भाग विकावा लागेल २४० म्हणून, आणि पणजीच्या दुकानदाराला तोच हवा आहे. फक्त २.४ ग्रॅमचा गर नुसत्या डोळ्याने ओळखायचा कसा, यावर गटात दोन मतं आहेत. पाऊस ओसरला की आणखी दोनशे गर वजन करायचे ठरलंय. यावेळी वहीत डब्याच्या नंबराचा रकाना काकींनी स्वतः आखून ठेवला आहे.